बालशिक्षिकेची उमेदवारी

बालवाडी, अंगणवाडी, शिशुविहार, पाळणाघर यांसारख्या संस्थेत अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करीत आणि त्याच काळात पूरक असे सैद्धांतिक शिक्षण घेत, जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन व शिक्षण करण्याची पात्रता संपादन करणे, म्हणजे बालशिक्षिकेची उमेदवारी होय. अध्यापक विद्यालयात सामान्यतः आधी शास्त्र व नंतर सराव असा क्रम असतो. उमेदवारीत शिकाऊ शिक्षिका पहिल्या दिवसापासून मुलांमध्येच असते. सुतार, सोनार, विणकर यांच्या उमेदवारीशी या पद्धतीचे नाते उघड आहे. मात्र नवशिक्याच्या हातून लाकूड बिघडले, तर सुताराला दुसरा तुकडा घेता येतो. येथे ती सोय नाही. त्यामुळे या उमेदवारीत हाताला काम देण्यापूर्वी डोळ्यांना वळण लावण्यावर भर द्यावा लागतो.

लहान मुले सांभाळणे स्त्रियांना उपजतच येते, त्यासाठी वेगळे शिकायचे ते काय, हा समज फार जुना असून तो अद्यापि पुरता गेलेला नाही. घरातील एकदोन मुले आणि एका खोलीत निरनिराळ्या घरांतून आलेली वीस-पंचवीस मुले यांतील फरक या समजुतीत विसरला जातो. आई आपल्या मुलाला जन्मापासून ओळखते. शिक्षिकेला ती ओळख थोड्या काळात, जाणीवपूर्वक आणि एकाच वेळी अनेक मुलांच्या बाबतीत करून घ्यावी लागते. त्यासाठी माया लागतेच. पण ती पुरत नाही. या व्यवसायातील अल्प वेतन आणि अपुरे प्रशिक्षण या दोहोंचे मूळ बऱ्याच अंशी याच समजुतीत आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे आपल्या सूतगिरणीलगत रॉबर्ट ओएन (१७७१–१८५८) याने १८१६ मध्ये बालशाळा उघडली. तीवर त्याने जेम्स ब्यूकॅनन हा विणकर व मॉली यंग ही सतरा वर्षांची मुलगी यांची नेमणूक केली. दोघांचेही पुस्तकी शिक्षण बेताचे होते. मुलांची ओढ आणि धीर एवढेच ओएनने पाहिले. मुलाला मारू नये, धमकावू नये व त्याच्याशी नेहमी प्रसन्न मुद्रेने बोलावे, एवढ्या सूचना त्याने दिल्या. प्रशिक्षण म्हणावे असे त्यात काही नव्हते. परंतु निवड स्वभाव पाहून करावी, हे तत्त्व तेथे प्रथम स्पष्ट दिसते. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ख येथे सुरू केलेल्या संस्थेला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ (बालोद्यान) हे नाव दिले. खेळ व गीते मुलांबरोबर स्वतः खेळून व गाऊनच आत्मसात होतात, ही त्याची धारणा होती. आयुष्याच्या अखेरीस त्याने तरुण स्त्रियांना या कामासाठी तयार करण्यावर भर दिला. प्रशिया सरकारने १८५१ मध्ये बालोद्यानांवर घातलेली बंदी १८६० पर्यंत टिकली. पण त्याच्या शिष्यांनी ही पद्धती इतर देशांत नेली.

‘उमेदवारी’ हा शब्द शब्दशः लागू पडावा अशी योजना इंग्लंडमध्ये १८४६ साली आली. तेरा वर्षांची मुले-मुली पाच वर्षांच्या कराराने शाळेत शिकाऊ म्हणून राहत, दिवसभर वर्ग घेत आणि मुख्याध्यापकाकडून रोज सुमारे दीड तास स्वतः शिकत. या योजनेने हजारो शिक्षक मिळवून दिले, हे खरे. तथापि उमेदवारीतील मूळ धोकाही तिनेच दाखवून दिला. शिकाऊ माणूस हा स्वस्त माणूस असतो, आणि संस्थेची अडचण जितकी मोठी तितके त्याचे शिकणे मागे पडून राबणे पुढे येते.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) हिने ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथे मुलांजवळ राहणारी पहिली स्त्री प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. शिकविण्याच्या ठरीव सवयी अंगवळणी न पडलेली व्यक्ती माँटेसरीला सोयीची वाटली. मूल काय करते ते तिने पाहावे आणि मध्ये पडू नये, अशी अपेक्षा होती. पुढे १९०९ पासून माँटेसरीने स्वतः प्रशिक्षणवर्ग घेतले. त्यांत साधनांच्या वापराइतकेच महत्त्व गप्प बसून पाहण्याला होते. लंडनच्या डेप्टफर्ड या दरिद्री भागात मार्गारेट मॅक्मिलन (१८६०–१९३१) हिने आपली बहीण रेचेल हिच्यासह १९१४ मध्ये उघड्या हवेतील बालशाळा सुरू केली. विद्यार्थिनींचे शिक्षण तिने शाळेच्या आवारातच, मुलांची अंघोळ, जेवण, झोप आणि खेळ सांभाळत चालविले आणि त्यासाठी तीन वर्षांच्या कालावधीचा आग्रह धरला. मूल जितके लहान तितके त्याच्या शिक्षकाचे शिक्षण कमी असले तरी चालते, या प्रचलित हिशेबाच्या ते अगदी विरुद्ध होते. बहिणीच्या नावाचे प्रशिक्षण महाविद्यालय १९३० मध्ये उघडले, ते तिला हयातीत पाहता आले.

हॅम्पस्टेडचा प्रयोग : बालवाडी हीच प्रशिक्षणशाळा कशी होऊ शकते, याचे बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धात घडले. बाँबहल्ल्यांमुळे घर किंवा आईवडील यांपासून तुटलेल्या मुलांसाठी ॲना फ्रॉइड व डॉरोथी बर्लिंगम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात १९४१ ते १९४५ या काळात निवासी बालगृहे चालविली. कामाला आलेल्या बहुतेक मुली तरुण व अननुभवी होत्या. त्यांना तेथेच व्याख्याने दिली जात. परंतु शिक्षणाचे खरे साधन होते ते साध्या कागदी पत्त्यांचे. प्रत्येकीने दिवसभरात मुलांविषयी जे दिसले ते पत्त्यावर लिहून द्यायचे, असा नियम होता आणि तो सर्वांना लागू होता. बॉयलर सांभाळण्यासाठी नेमलेल्या जेम्स रॉबर्टसन यालाही पत्ते लिहावे लागत. हाच रॉबर्टसन पुढे आईपासून दुरावलेल्या लहान मुलांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाला. रुग्णालयात एकटी ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरील त्याच्या १९५२ च्या चित्रपटाने रुग्णालयांच्या भेटीविषयक नियमांना हादरा दिला.

या नोंदींतून एक गोष्ट लवकरच ध्यानी आली. पाळीप्रमाणे बदलणाऱ्या हातांत मुले स्वच्छ राहत, पोटभर खात. परंतु त्यांचे बोलणे आणि शरीरधर्मांवरील ताबा यांची वाढ खुंटे. तेव्हा चार-पाच मुलांचे एकेक ‘कुटुंब’ करून ते एकेका सेविकेकडे सोपविण्यात आले. आरंभी मुले आपापल्या सेविकेसाठी मत्सराने भांडू लागली, रडू लागली. वरवर पाहणाऱ्याला हा बिघाड वाटला असता. पण त्याच सुमारास खुंटलेली वाढ पुढे सरकू लागली. ठरावीक मुलांची जबाबदारी ठरावीक व्यक्तीकडे असावी, हा आज अनेक देशांतील पाळणाघरांत रूढ असलेला संकेत या अनुभवाशी जुळणारा आहे. शिकाऊ मुलींच्या लेखण्यांतून तो उमटला, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

महाराष्ट्र व गुजरात : पंडिता रमाबाई यांनी अमेरिकेत असताना फिलाडेल्फिया येथे बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला व १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. विधवा स्त्रियांना स्वावलंबी करणाऱ्या व्यवसायांत त्यांनी बालशिक्षणाचा विचार केला होता. परंतु या प्रदेशातील बालशिक्षिका-प्रशिक्षणाची खरी परंपरा भावनगरहून सुरू होते. तेथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर उघडले आणि त्याला जोडूनच अध्यापन मंदिर चालविले. गिजुभाई मूळचे वकील. त्यांना गुजरातेत ‘मूछाळी मा’ म्हणत. मराठीत सांगायचे तर मिशा असलेली आई. (या क्षेत्रात पुरुष अजूनही विरळाच आहेत. या लेखात ‘शिक्षिका’ असे म्हटले आहे ते वस्तुस्थिती म्हणून, नियम म्हणून नव्हे.) ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला येऊन याच कामात घडल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहाराचे काम सुरू केले.

माँटेसरी स्वतः नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे प्रशिक्षणवर्ग घेण्यास आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि मधला काही काळ सोडता तो १९४९ पर्यंत चालला. त्या वर्षांत त्यांच्या हाताखालून हजाराहून अधिक भारतीय शिक्षक गेले. मात्र या पद्धतीची साधने महाग होती व ती शहरी मध्यमवर्गातच राहिली. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (सध्याच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले ते या मर्यादेतून बाहेर पडण्यासाठी. अनुताई वाघ (१९१०–९२) तेथे त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई आधीपासून प्राथमिक शिक्षिका होत्या. तरीही बालवाडीचे काम त्या ताराबाईंच्या सहवासात, मुलांमध्ये वावरतच शिकल्या. पस्तिशीत पत्करलेली ही एक उमेदवारीच होती. वस्तीतील मुले केंद्राकडे येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. शिकाऊ मुलींच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. बाके, कपाटे, साधने यांपैकी काही हाताशी नाही; आहे ते झाडाची सावली, पाण्याची घागर, केरसुणी आणि समोर नाक गळणारी, केस विस्कटलेली मुले. मुलांना अंघोळ घालणे, नखे काढणे हा अभ्यासक्रमाचा पहिला धडा झाला. १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वारली मुलांमध्ये काम करताना शिक्षिकेने आधी मुलांची बोली शिकून घ्यावी लागे. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नसत. त्यांच्यासाठी कुरणशाळा काढण्यात आली.

प्रशिक्षणाचे स्वरूप : उमेदवारीतील पहिले व अखेरपर्यंत चालणारे काम निरीक्षणाचे. केंब्रिजच्या माल्टिंग हाउस शाळेत सूझन आयझॅक्स (१८८५–१९४८) यांनी १९२४ ते १९२७ या काळात मुलांचे बोलणे-वागणे टिपून त्यांवर पुढे ग्रंथ लिहिले. त्यांतील शिस्त नवशिक्यांना आजही उपयोगी आहे. ती अशी, की दिसले ते आणि वाटले ते वेगळे ठेवावे. ‘मूल हट्टी आहे’ ही नोंद नव्हे, तो निवाडा झाला. ‘लाल ठोकळा दुसऱ्याने घेतला; याने तीनदा मागितला; मग त्याचा हात चावला’ ही नोंद होय. दुसऱ्या प्रकारे लिहिण्याची सवय लागली, की तीनदा मागूनही मिळाले नाही ही गोष्ट नजरेत भरते आणि पुढच्या वेळी शिक्षिका दुसऱ्या मागण्यापाशीच पोहोचते. चावणे थांबविण्याचा याहून खात्रीचा उपाय सहसा सापडत नाही. नवशिकी पुष्कळदा नोंदवहीला कारकुनी समजून कंटाळते. दोनतीन महिन्यांनी आपल्याच जुन्या नोंदी वाचल्यावर मूल किती पुढे गेले ते तिला दिसते आणि मग वहीची ओढ लागते.

सकाळची दारातील ताटातूट ही दुसरी कसोटी. मुलाची नजर चुकवून आईने निघून जावे, हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो त्या दिवसापुरता सोपा असतो. पण आई केव्हाही नाहीशी होऊ शकते, हे मूल त्यातून शिकते व दुसऱ्या दिवशी तिचा पदर सोडत नाही. आईने ‘जाते, जेवणानंतर येते’ असे सांगून जावे आणि रडणाऱ्या मुलाजवळ शिक्षिकेने बसून राहावे, हे नवशिकीला मुद्दाम शिकवावे लागते. रडणे लगेच थांबविण्याचे दडपण तिच्यावर असते. एकदम गप्प झालेले मूल रुळले असे ती धरून चालते. वास्तविक काही मुले हताश होऊनच गप्प होतात. रुळलेले मूल खेळते, खाते, क्वचित भांडते. हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही; शेजारी बसलेल्या अनुभवी शिक्षिकेने त्या क्षणी दाखवून द्यावा लागतो.

शरीरसंगोपनाचे ज्ञान मात्र नेमके व पाठ असावे लागते. तान्ह्या मुलाला उताणेच निजवावे; लंगोट बदलल्यावर व जेवू घालण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत; तापलेल्या मुलाला इतरांपासून वेगळे पण नजरेसमोर ठेवावे. चिंचोके, गुंजा, मणी ही आपल्या बालवाड्यांची आवडती आणि फुकटची साधने. परंतु तीन वर्षांखालील मुलांच्या हाती ती देऊ नयेत, कारण ती नाकात जातात व घशात अडकतात, आणि गुंज तर विषारी असते. एक वर्षाखालील मुलाच्या घशात काही अडकून श्वास कोंडल्यास त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, पाठीवर पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीवर पाच दाब द्यावेत व हाच क्रम चालू ठेवावा. हे नवशिकीने बाहुलीवर पुनःपुन्हा करून पाहिलेले असावे. अंगणवाडीत दंडाच्या घेराचे मापनही येते : सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमी. पेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजून ताबडतोब आरोग्यकेंद्राकडे न्यावे लागते. पट्टी सैल धरली, तर एक मूल सुटते. बालकाच्या लैंगिक शोषणाची शंका आल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हेही शिकाऊ शिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात सांगितले पाहिजे.

बडबडगीते, हावभावाच्या कविता व गोष्टी यांचा साठा सवयीने वाढतो, त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अवघड असते ते हात आवरणे. साडेतीन वर्षांचे मूल बटण लावण्यास दहा मिनिटे घेते. नवशिकी ते दहा सेकंदांत लावून देते आणि मदत केल्याच्या समाधानात राहते. बोलण्याचेही तसेच. ‘हा कोणता रंग? हे किती?’ अशी सरबत्ती म्हणजे शिकविणे, असे तिला वाटते. मुलाच्या शेजारी बैठक मारून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, ते काय बोलते याची वाट पाहणे तिला शिकावे लागते. आणि मूल घरच्या बोलीत बोलले, तर ते न सुधारता त्याच आशयाचे उत्तर देणे, हेही.

मार्गदर्शक शिक्षिका : उमेदवारीचे यश अनुभवी शिक्षिकेवर अवलंबून असते. चांगले काम करणारी प्रत्येकजण ते दुसरीला दाखवू शकतेच असे नाही. पुष्कळशा कृती तिच्या अंगवळणी पडलेल्या असतात व का केल्या हे तिला सांगता येत नाही. त्यामुळे तिलाही वेळ व शिक्षण यांची गरज असते. दिवस संपल्यावर अर्धा तास दोघींनी नोंदवही पुढे ठेवून बसावे, ही साधी तरतूद वेळापत्रकात नसेल, तर उमेदवारी नावापुरतीच उरते. इंग्लंडमध्ये बालसंगोपिकांची परीक्षा घेणारे राष्ट्रीय मंडळ १९४५ मध्ये स्थापन झाले आणि २०१४ पासून ‘अर्ली इयर्स एज्युकेटर’ ही पात्रता उमेदवारीतूनही मिळविता येऊ लागली. तेथे दोन वर्षांखालील प्रत्येक तीन मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असणे सक्तीचे आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण सप्टेंबर २०२३ मध्ये चारांवरून पाचांवर नेण्यात आले. सक्षम व जबाबदार वाटणाऱ्या सोळा वर्षांवरील शिकाऊ व्यक्तीला या मोजणीत धरण्याची मुभा चालकांना आहे. मोजणीत धरलेली शिकाऊ मुलगी बाजूला बसून निरीक्षण लिहू शकत नाही, कारण ती उठली की प्रमाण मोडते. १८४६ च्या योजनेतील पेच तेथे वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

भारतातील स्थिती : भारतीय बालकल्याण परिषदेने १९६० नंतरच्या दशकात बालसेविकांसाठी दीर्घ मुदतीचे प्रशिक्षण चालविले. दिल्लीत १९६९ मध्ये बांधकाम-मजुरांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेने बांधकामाच्या जागीच पाळणाघरे चालवीत कार्यकर्त्यांना कामातून शिकविण्याचा मार्ग धरला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि बालशिक्षिकेचे काम प्रथमच देशव्यापी झाले. आज सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. अंगणवाडी सेविकेकडे पूरक आहार, वजन-नोंदी, लसीकरणास साहाय्य, मातांचे प्रबोधन आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशी कामे एकवटली. उलट तिचे प्रारंभिक प्रशिक्षण मात्र पुढील दशकांत काही महिन्यांवरून सुमारे एका महिन्यावर आले. कामाची भाषा ‘मानसेवी’ अशीच राहिली. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्यांच्या श्रमाला या एका बाबतीत कायद्याची मान्यता मिळाली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका-अभ्यासक्रम सुचविला आहे. तो दूरचित्रवाणी वाहिन्या व भ्रमणध्वनी यांच्या द्वारे, चालू कामात खंड न पाडता द्यावा आणि महिन्यातून किमान एकदा मार्गदर्शकाशी प्रत्यक्ष संपर्क असावा, असे त्यात म्हटले आहे. २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ या कार्यक्रमात सेविकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. सेविका रोज मुलांमध्येच असते, त्यामुळे उमेदवारीची अर्धी अट येथे आपोआप पुरी होते. उरलेली अर्धी अट शेजारी बसून पाहणाऱ्या अनुभवी व्यक्तीची आहे. महिन्यात सुमारे पंचवीस दिवस अंगणवाडी भरते, असे धरले आणि मार्गदर्शक त्यांतील एकच दिवस भेटली, तर उरलेले चोवीस दिवस सेविका आपल्याच चुकांची साक्षीदार असते. एका पर्यवेक्षिकेकडे अनेक अंगणवाड्या असतात आणि तिच्या भेटीचा पुष्कळसा वेळ नोंदवह्या, आहाराचा साठा व भ्रमणध्वनीवर भरावयाची माहिती तपासण्यात जातो. कोसबाडला ताराबाई आणि अनुताई ज्या अर्थाने एकमेकींच्या शेजारी होत्या, त्या अर्थाने शेजारी असणारी व्यक्ती पुरविण्याची तरतूद या योजनांत अद्याप झालेली नाही.